ऑनलाइन नोकरी शोधताना या चुका टाळा

“दोनशे ठिकाणी अप्लाय केलं सर, एकाही ठिकाणाहून फोन नाही.” आमच्या गावच्या अभ्यासिकेत हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. झालेली मुलं-मुली पुण्याकडच्या नोकऱ्यांसाठी रात्री बारापर्यंत मोबाइलवर अर्ज करत बसतात. उत्तर आलं नाही की आपल्यातच काही कमी आहे असं धरून चालतात. खूपदा त्यांचा अर्ज कुणी माणसाने उघडलेलाच नसतो.

रेझ्युमे वाचता येतोय का?

मोठ्या कंपन्यांत आणि जॉब पोर्टलवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअरच्या हाती पडतो. दोन रकाने, रंगीत पट्टा, कौशल्यांपुढे चांदण्या असलेलं टेम्प्लेट दिसतं छान, पण त्यातला मजकूर उलटसुलट वाचला जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे छापील बायोडेटाचा मोबाइलवर फोटो काढून केलेली पीडीएफ. त्यात अक्षरं नसतातच, नुसतं चित्र असतं. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. नाव, शिक्षण, फोन नंबर सरळ ओळीत आले तर ठीक. नाहीतर साध्या एका रकान्यात नवा रेझ्युमे करा.

चाकणच्या कारखान्याची जाहिरात ‘व्हीएमसी ऑपरेटर, फॅनुक कंट्रोल’ (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन आणि त्याची कंट्रोल सिस्टीम) मागते आणि आमचा मुलगा लिहितो, ‘मेकॅनिकलमधील सर्व कामांचा अनुभव’. एचआरने ‘व्हीएमसी’ टाकून शोधलं तर तो यादीत येणार कसा? जे येतं ते जाहिरातीच्याच शब्दांत लिहा. येत नाही ते लिहू नका. मशीनसमोर उभं केलं की पाच मिनिटांत कळतं.

पैसे मागितले की थांबा

हे मी पोटतिडकीने लिहितोय. आमच्याकडच्या एका मुलीने घरबसल्या कामासाठी लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून बारा हजार भरले. आईने भिशीतून उचललेले पैसे होते. ऑफर लेटरवर मोठ्या कंपनीचा लोगो होता, ईमेल मात्र साध्या जीमेलचा. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

रजिस्ट्रेशन, गेटपास, युनिफॉर्म, मेडिकल, नाव काहीही देतील. नोकरी द्यायच्या आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक केल्याचे आधी शे-दीडशे खरंच येतात, मग ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली हजारो घालायला लावतात. डेटा एंट्रीत आधी करारावर सही घेतात, मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची भीती दाखवतात. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा’ हे काम तर कधीच घेऊ नका. तो फसवणुकीचा पैसा असतो; खातं गोठतं आणि चौकशी तुमच्या दारात येते.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. तीच तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते.

पोर्टलच्या बाहेरही बघा

छोट्या वर्कशॉपवाल्यांची जागा पुष्कळदा पोर्टलवर येतच नाही. गेटवरच्या पाटीवर किंवा ओळखीतून भरते. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवा, जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथे कळतात. आयटीआयवाल्यांनी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरही नोंदणी करावी.

फोन आणि वही

मुलाखतीचा फोन अनोळखी नंबरवरूनच येतो. कर्जवाल्यांच्या कॉलला कंटाळून मुलं तो उचलत नाहीत, किंवा रिचार्ज संपून इनकमिंग बंद पडलेलं असतं. उचलला तरी “कुठली कंपनी?” असं विचारतात, कारण दोनशे अर्जांतला हा कुठला ते आठवत नाही. एका वहीत कंपनी, पद, तारीख आणि जाहिरातीतला पगार लिहून ठेवा. फोन चुकला तर त्याच दिवशी परत करा. आधी आपलं नाव सांगा, मग कुठल्या जागेसाठी कधी अर्ज केला होता ते वहीत बघून सांगा.