रोज जवळ बाळगायच्या वस्तू: निवड, जागा आणि देखभाल

रोजच्या वस्तूंबद्दलचा सल्ला बहुतेक वेळा 'काय घ्यावं' इथंच संपतो. खरी अडचण त्यानंतरची आहे. वस्तू जवळ असते, पण ऐनवेळी चालत नाही. टॉर्चमधला सेल पाझरलेला असतो, पॉवर बँक रिकामी असते, गोळ्यांची मुदत उलटून गेलेली असते. अशी वस्तू नसलेली बरी, कारण तिच्या भरवशावर आपण दुसरी कुठलीच सोय केलेली नसते. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा जागा आणि देखभालीवर जास्त भर आहे.

आधी सगळं टेबलावर काढा

खिसे, बॅग, बॅगेचे आतले कप्पे असं सगळं रिकामं करा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू तोला. फोन कव्हरसकट २०० ग्रॅमच्या आसपास भरतो, १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, क्षमतेचं माप) पॉवर बँकही साधारण तेवढीच. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली या दोघांपेक्षा जड असते. खांदा दुखत असेल तर दोष बहुधा बाटलीचा आणि विसरून राहिलेल्या चार्जरचा असतो, छोट्या वस्तूंचा नाही.

मग दोन आठवडे एका चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहा: आज काय वापरलं, आणि काय हवं होतं पण जवळ नव्हतं. दोन आठवड्यांनी तीन ढीग पडतात. रोज लागणाऱ्या वस्तूंचा एक, क्वचित लागतात पण नसल्या तर काम अडतं अशांचा दुसरा, आणि उरलेल्यांचा तिसरा. तिसरा ढीग घरी राहील.

हमखास चूक दुसऱ्या ढिगात होते. दोन आठवड्यांत टॉर्च किंवा औषध लागलं नाही म्हणून लोक तेही काढून टाकतात. इथं किती वेळा लागलं हे मोजायचं नाही. ही वस्तू नसेल तर नेमकं काय होईल, आणि ती वाटेत लगेच मिळेल का, हे दोन प्रश्न विचारायचे. छत्री वाटेत मिळू शकते. तुमच्या दम्याचा इनहेलर मध्यरात्री मिळेलच असं नाही.

अंगावर काय, बॅगेत काय

बॅग हरवली तरी घरी पोचता आलं पाहिजे. फोन, किल्ल्या, एक कार्ड, थोडी रोकड आणि तातडीचं औषध अंगावर. बाकी सगळं बॅगेत.

अंगावरच्या प्रत्येक वस्तूचा खिसा ठरलेला असावा आणि तो कपड्यांबरोबर बदलू नये. उजव्या खिशात फोन, डाव्यात किल्ल्या असं एकदा ठरलं की महिन्याभरात हात आपोआप तिथं जातो आणि वस्तू नसेल तर लगेच जाणवतं. फोन आणि किल्ल्या एका खिशात ठेवू नका. फोनच्या काचेवर ओरखडे खरं तर किल्ल्यांपेक्षा खिशाच्या तळाशी साचलेल्या वाळूच्या कणांनी पडतात. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर ७ इतकं कठीण, आणि फोनच्या बहुतेक काचांवर ६ च्या आसपासच ओरखडे पडू लागतात. किल्ल्या तेच कण काचेवर दाबतात आणि घासतात. महिन्यातून एकदा खिसे उलटे करून झाडा.

बॅगेतल्या छोट्या वस्तूंसाठी आतून फिकट रंगाची एकच चेनची पाऊच घ्या. काळ्या अस्तरात काळी केबल सापडत नाही. बॅग बदलली की पाऊच उचलून दुसऱ्या बॅगेत टाकायची, म्हणजे 'ते दुसऱ्या बॅगेत राहिलं' हा प्रकार थांबतो.

पाकीट

मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन्‌तास बसलं की कंबर एका बाजूला कलते आणि नितंबाखालून जाणाऱ्या सायटिक नसेवर दाब येतो. पायाला मुंग्या येणं, मांडीच्या मागे कळ येणं ही त्याची लक्षणं. पाकीट पुढच्या खिशात न्या. तिथं ते चोरणंही अवघड.

पाकीट जाड होतं ते पैशांनी नाही, पावत्या आणि कार्डांनी. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं, म्हणजे दहा कार्डं जवळपास ८ मिलिमीटर, आणि चामड्याचे थर वेगळेच. चार-पाच कार्डं पुरतात. पावत्या रोज रात्री काढा. त्या बहुधा थर्मल कागदावर छापलेल्या असतात, उष्णतेनं काळ्या पडतात आणि प्लास्टिकच्या कप्प्यात अक्षरं उडतात. वॉरंटीची पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

लोहचुंबकानं कार्ड खराब होतं ही भीती अर्धीच खरी आहे. कार्डावरच्या चिपला खिशातल्या लोहचुंबकानं काही होत नाही. मागच्या काळ्या पट्टीला होऊ शकतं, आणि हॉटेलच्या खोलीच्या कार्डाची पट्टी तर फारच नाजूक. फोनच्या चुंबकी कव्हरला टेकलं की ते कार्ड दार उघडेनासं होतं. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवत असाल तर वायरलेस चार्जिंगपूर्वी ते काढा. फोन आणि चार्जर यांच्यामध्ये सापडलेलं टॅप करायचं कार्ड निकामी होऊ शकतं.

एक कार्ड आणि एक-दोन नोटा पाकिटाबाहेर, वेगळ्या जागी ठेवा. पिन मात्र कुठल्याच कागदावर लिहू नका.

किल्ल्या

जुडग्यात फक्त या आठवड्यात लागणाऱ्या किल्ल्या. कपाटाची, गावच्या घराची, कुठली ते आठवत नाही अशी प्रत्येक किल्ली घरी नाव लिहून ठेवा. गाडीची किल्ली झटकन सुटेल अशा वेगळ्या कडीत असू द्या. जड जुडगा इग्निशनला लटकत हेलकावे खात राहिला की त्या कुलपाची आतली झीज वाढते.

किल्लीच्या टॅगवर पत्ता लिहू नका. हवा असेल तर फक्त एक फोन नंबर, तोही शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणाचा. स्वतःचा फोन किल्ल्यांबरोबरच हरवला असेल तर त्या नंबरचा उपयोग नाही.

किल्ली अडकायला लागली तर कुलपात खाद्यतेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. तेलावर धूळ बसते, त्याचा चिकट लगदा होतो आणि आतल्या पिना हलेनाशा होतात. ग्राफाइटची कोरडी पूड वापरा. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासा आणि किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. एवढ्यानं फरक पडला नाही तर किल्ली झिजली असणार. नवी करताना न वापरलेली मूळ किल्ली नमुना म्हणून द्या. झिजलेल्या किल्लीची नक्कल झीजही उतरवते, आणि नकलेची नक्कल केली की चूक वाढतच जाते.

रिमोटच्या किल्लीत बहुधा ३ व्होल्टचा सीआर २०३२ असा बटण सेल असतो. जवळ गेल्याशिवाय कुलूप उघडेना की सेल बदलायची वेळ झाली. जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलानं गिळला तर तो काही तासांतच अन्ननलिका भाजून काढतो. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पॉवर बँक आणि केबल

पॉवर बँकेवर छापलेला आकडा आतल्या सेलचा असतो, फोनला मिळणाऱ्या विजेचा नाही. हिशोब असा: सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) ३.७ व्होल्ट. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७, म्हणजे ३७ वॉट-तास. हा विद्युतदाब बदलताना आणि फोनमध्ये भरताना साधारण पाव ते तृतीयांश ऊर्जा उष्णतेत जाते. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी १९ वॉट-तासांच्या आसपास असते. म्हणजे १०,००० ची पॉवर बँक असा फोन दोनदा भरत नाही, जेमतेम सव्वा ते दीड वेळा भरते. रोजच्यासाठी तेवढी पुरते. २०,००० ची प्रवासाला घ्या, रोज खांद्यावर वाहू नका.

विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची साधारणपणे चालते, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. वॉट-तासांचा आकडा पॉवर बँकेवर वाचता येत नसेल तर ती काढून घेतली जाऊ शकते.

कानातले वायरलेस इअरफोन चार्जिंगला लावले की काही पॉवर बँका थोड्या वेळानं आपोआप बंद होतात. त्या बिघडलेल्या नसतात. इतका कमी प्रवाह त्यांना 'काही जोडलेलंच नाही' असा वाटतो. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबून कमी प्रवाहाची सोय चालू होते, माहितीपत्रक बघा.

फुगलेली पॉवर बँक त्याच क्षणी बाद. दाबून सपाट करायची नाही, टोचायची नाही, पुन्हा चार्ज करायची नाही. जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचऱ्यात द्या. उन्हात उभ्या गाडीत पॉवर बँक सोडणं हे फुगण्याचं एक मोठं कारण.

केबल १५ ते ३० सेंटिमीटरची घ्या. लांब केबल गुंतते आणि वाकून तुटते, तीही नेहमी प्लगच्या मानेजवळच. हाताला घट्ट गुंडाळू नका, सैल वेटोळं करून रबरात अडकवा. केबल फोनमध्ये नीट बसेना, हलवल्याशिवाय चार्ज होईना, तर नवी घेण्याआधी फोनचं छिद्र बघा. खिशातलं कापूस-लिंट रोजच्या खुपसण्यानं तळाशी ठोकून बसतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिक चपटी करून कडेकडेनं हळू उकरा. सुई किंवा पिन वापरू नका, आतले सूक्ष्म संपर्क वाकतात.

टॉर्च

फोनचा दिवा असताना टॉर्च कशाला, हा प्रश्न फोनची बॅटरी २ टक्क्यांवर येईपर्यंतच पडतो. त्या वेळी उजेड आणि संपर्क दोन्ही एकाच बॅटरीवर असतात. बोटाएवढी, एका एएए सेलची टॉर्च पुरते. कुलूप शोधायला ५ ते १० ल्युमेन (उजेडाचं माप), अंधाऱ्या वाटेवर ८० ते १०० ल्युमेन पुष्कळ होतात. त्यामुळे कमी-जास्त करता येणारी घ्या.

बिघाड जवळजवळ नेहमी सेलचा असतो. अल्कलाइन सेल उतरत जातो तसा आत वायू साठतो, दाबानं सील फुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. झाकणाखाली दिसणारी पांढरी पूड त्यातूनच तयार होते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग पाण्यानं ओलसर काडी फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हे टाळायचं असेल तर एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा लिथियम सेल घाला किंवा हळू उतरणारा रिचार्जेबल. खिशात टॉर्च आपोआप लागत असेल तर मागचं झाकण पाव आटा सैल करा. धातूच्या नळीच्या बहुतेक टॉर्चमध्ये जोडणी तेवढ्यानं तुटते.

पाऊचमधलं किरकोळ

दोन सेफ्टी पिना. तुटलेला पट्टा, उसवलेली शिवण, चश्म्याच्या दांडीचा पडलेला स्क्रू या सगळ्यांवर तात्पुरता इलाज त्यांतच आहे. मायक्रोफायबरचं छोटं फडकं. चश्मा कोरडा पुसण्याआधी पाण्यानं धुवा किंवा निदान फुंकर मारा, नाहीतर धूळच काचेवरचा लेप खरवडते. सुती रुमाल आणि जखमेवर लावायच्या दोन चिकटपट्ट्या.

पेन टोपणाचा किंवा फिरवून उघडायचा. खटक्याचा पेन खिशात दाबला जातो आणि शर्टावर डाग पडतो. डाग पडलाच तर चोळू नका, खाली कापड धरून वरून अल्कोहोलच्या सॅनिटायझरनं टिपत राहा.

छोटा चाकू किंवा मल्टिटूल बाळगणार असाल तर तिथला कायदा आधी पाहा. विमानतळ, न्यायालय, सामने अशा ठिकाणी पातं असलेली वस्तू जप्त होते, म्हणून ती पाऊचपेक्षा सुटी ठेवलेली बरी.

औषधं

गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. पट्टी कापताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत राहील असं कापा. सुट्या पांढऱ्या गोळ्या ओळखणं डॉक्टरलाही कठीण. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या सुट्या गोळ्या काचेच्या मूळ बाटलीतच असाव्यात, झाकण घट्ट. त्यातलं औषध उडून जातं आणि प्लास्टिकच्या डबीत ते आणखी लवकर कमी होतं. अंगाला चिकटलेल्या खिशातली ऊबही त्यांना चालत नाही, त्या जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवा.

एका कार्डावर नाव, रक्तगट, कशाची ॲलर्जी, रोजची औषधं आणि दोन नंबर लिहून पाकिटात, ओळखपत्राच्या मागे. हीच माहिती फोनच्या आणीबाणीच्या पानावरही भरा. लॉक न उघडता ती दिसते.

हरवण्याआधी

स्टार-हॅश-०६-हॅश डायल केल्यावर फोनचा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसतो. तो, प्रत्येक कार्डाचे शेवटचे चार अंक आणि बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर एका कागदावर लिहून घरी ठेवा. फोनमध्येच साठवलेली ही यादी फोन गेल्यावर मिळत नाही.

घरात दाराजवळ एक ट्रे ठेवा आणि आल्याबरोबर खिसे त्यात रिकामे करा. निघताना त्याच ट्रेमधून भरा. बाहेर कुठूनही उठताना तीन खिसे हातानं चाचपा, आणि दोन पावलं पुढे गेल्यावर मागे वळून बसलेल्या जागेकडे बघा. छत्री, चश्मा आणि फोन बहुधा तिथंच राहतात.

महिन्याचा एक ठरलेला दिवस देखभालीचा. टॉर्च लावून पाहा, सेल काढून टोकं बघा, औषधांच्या तारखा वाचा, पेनानं एक ओळ लिहा, फडकं धुवा. पॉवर बँक वापरात नसली तरी दर तीन महिन्यांनी भरा. ती बराच काळ ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नको, अर्धी ठेवा. पावसाळा येण्याआधी पाऊचमध्ये चेनची एक प्लास्टिकची पिशवी घडी करून टाका. फोन, पाकीट आणि औषधं मावतील एवढी मोठी असू द्या.