परदेशात मेट्रो-बसचा पास काढताय? गुडघे साथ देत नसतील तर या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीची पोरं आता लंडन, पॅरिस, म्युनिक, सिंगापूरला नोकरीला आहेत. उन्हाळा लागला की इकडचे आई-वडील हैदराबादहून नाहीतर मुंबईहून विमानात बसतात. आपण ऑफिसला गेल्यावर त्यांनी दिवसभर घरात बसून राहू नये म्हणून पोरगं आधीच आठवड्याचा ‘सगळीकडं चालणारा’ पास काढून ठेवतं. मायेनंच काढतं, पण तो काढलेला असतो स्वतःच्या पायांच्या हिशेबानं. ज्यांना एक जिना चढला की गुडघा धरून बसावं लागतं, ज्यांच्या हातात काठी आहे किंवा जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांचा हिशेब उलटीकडून लावायचा असतो. आधी कुठं चढता-उतरता येईल ते बघायचं, मग त्या वाटेवर जी गाडी धावते तिचाच पास घ्यायचा.

मेट्रोचे पैसे भरले, पण मेट्रोत उतरता येईना

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली, आणि तिच्या जुन्या स्टेशनांत लिफ्ट बसवणं आजही फारसं जमलेलं नाही. व्हीलचेअरवाल्याला अख्खी अशी एकच लाइन वापरता येते, १४ नंबरची, कारण ती १९९८ साली नव्यानं बांधली. बाकी बहुतेक ठिकाणी जिने आणि मध्ये लांबलचक बोगदे. आणि हे तुळजापूरच्या देवळासारखं असतं, जाताना उतार असतो म्हणून काही वाटत नाही, खरा कस परत वर येताना लागतो.

त्याच पॅरिसमध्ये बस आणि ट्राम मात्र चांगल्या आहेत. जमिनीलगत पायरी, रॅम्प, वर खिडकीतून गाव दिसतं ते वेगळंच. म्हणजे गुडघेदुखीवाल्यानं पॅरिस बसमधून बघावं. आता तिकिटाची गंमत बघा. जानेवारी २०२५ पासून तिथं मेट्रो-रेल्वेचं तिकीट वेगळं आणि बस-ट्रामचं वेगळं झालं. त्या वर्षी मेट्रोचं अडीच युरोला होतं आणि बसचं दोन युरोला. मेट्रोच्या तिकिटावर उतरून पुढं बस पकडता येत नाही. पोरानं कार्डात मेट्रोची दहा तिकिटं भरून ठेवली आणि आई-वडील फिरणार बसनं, तर ती दहा तिकिटं तशीच पडून राहतात. मशीनसमोर उभं राहिल्यावर पडद्यावर बसचं चित्र आहे का रेल्वेचं, एवढं नीट बघून बटण दाबा.

लंडनचंही तसंच. तिथल्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणीच पायरीशिवाय आत जाता येतं. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं, पण ते दोन रंगांत असतं आणि हा फरक नव्या माणसाला कळत नाही. निळं चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरं म्हणजे फलाटापर्यंत पायरी नाही, पुढं डबा आणि फलाट यात फट किंवा उंची असू शकते. काठीवाल्याला पांढरं चालून जातं. व्हीलचेअरवाल्यानं मात्र निळंच धरून चालावं. लंडनमधल्याच एलिझाबेथ लाइन या रेल्वेची सगळी ४१ स्टेशनं फलाटापर्यंत पायरीविना आहेत, त्यामुळं मुलाचं घर तिच्याजवळ असेल तर नशीबच म्हणायचं.

लंडनच्या बस मात्र, हौसेनं चालवलेल्या जुन्या गाड्या सोडल्या तर, सगळ्याच खालच्या फरशीच्या. आपल्या लालपरीची पहिली पायरी दांडी धरून, अंग वर ओढून चढणाऱ्याला तर तिथं बसमध्ये चढतोय असं वाटतच नाही. २०२५ मध्ये एका बसचं भाडं १.७५ पौंड होतं, आणि पहिल्या बसपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी दुसऱ्यांदा पैसे लागत नाहीत. दिवसभरात फक्त बस वापरली तर ५.२५ पौंडांच्या वर पैसे कापले जात नव्हते. भुयारी रेल्वे धरून शहराच्या मधल्या दोन झोनची (म्हणजे भाड्याच्या पट्ट्यांची) हीच मर्यादा ८.९० पौंड होती. ही मर्यादा आपोआप लागते, त्यासाठी आधी पास काढावाच लागत नाही. मग दिवसाआड बाहेर पडणाऱ्या माणसाला आठवड्याचा पास कशाला? माझं मत विचाराल तर लंडनमध्ये गुडघेदुखीवाल्या पाहुण्यानं पासच काढू नये, बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवत हिंडावं.

‘आमचं अर्धं तिकीट आहे’

एसटीनं आपल्याला चांगली सवय लावली आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढं फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं. आधार दाखवायचं की झालं. त्यामुळं बरेच जण आधार आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड पर्समध्ये घालून परदेशात जातात आणि खिडकीवर पुढं करतात. ते तिथं चालत नाही. लंडनचा ज्येष्ठांचा आणि दिव्यांगांचा मोफत पास तिथं राहणाऱ्यांसाठीच आहे. सिंगापूरची ज्येष्ठांची सवलत तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. जर्मनीत दिव्यांगांना शहरातली गाडी सवलतीत मिळते, पण त्यासाठी जर्मन सरकारचंच ओळखपत्र लागतं. यूडीआयडी घरी ठेवा असं नाही, आजाराचा कागद म्हणून राहू द्या, पण त्याच्या भरवशावर बजेट करू नका.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड काढता येतं, नागरिक असायची अट नाही, पासपोर्टवरचं वय पुरतं. वर्षाला ३५ पौंड, आणि रेल्वेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट. लंडनहून बर्मिंगहॅम, एडिंबरा असं एक-दोनदा जाणं झालं तरी पैसे वसूल होतात. सकाळच्या गर्दीच्या वेळेचे काही निर्बंध आहेत, पण आपल्या माणसांना चहा-नाष्टा आटोपून दहाच्या पुढंच निघायचं असतं, तेव्हा त्याचा त्रास होत नाही. हेच कार्ड स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ऑयस्टर कार्डाला (लंडनच्या बस-रेल्वेत टेकवायच्या कार्डाला) जोडून घेतलं की गर्दीच्या वेळा सोडून लंडनच्या रेल्वेतही सूट लागते. हे मात्र आपण होऊन कुणी सांगत नाही, मागावं लागतं.

दिवस मोजण्यातली चूक

पॅरिसचा आठवड्याचा नाविगो पास सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. तुम्ही बुधवारी घेतला तरी रविवारीच संपणार, म्हणजे पाचच दिवस मिळणार. शुक्रवारी घ्यायला गेलात तर थेट पुढच्या सोमवारपासूनचा मिळतो. जर्मनीचा महिन्याचा पासही तारखेपासून तीस दिवस नसतो, कॅलेंडरचा महिना असतो.

पण खरी गोम वेगळी आहे. सलग दिवसांचा पास हा रोज उठून हिंडणाऱ्यासाठी असतो. गुडघेदुखीवाला माणूस एक दिवस फिरला की दुसऱ्या दिवशी पाय शेकत बसतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी पास सलगच काढला जातो. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी हे नक्की बघावं. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्याचाच ‘फ्लेक्स’ प्रकार थोडा महाग आहे, पण त्यात महिन्याभरात हवे ते दिवस निवडता येतात. ज्याला मध्ये विसावा लागतो त्यानं फ्लेक्सच घ्यावा. तलावातल्या बोटी आणि रिगी डोंगरावर जाणारी रेल्वे त्यातच येते. एकही पायरी न चढता डोंगरमाथा बघायचा असेल तर याहून बरी सोय नाही.

गेट उघडेना

आता हे नेमकं काय होतं ते बघू. लंडनच्या स्टेशनवर पिवळ्या गोल खुणेवर कार्ड टेकवायचं असतं. पोरगं स्वतःचं कार्ड टेकवतं, आत जातं आणि तेच कार्ड मागं आईच्या हातात देतं. आई टेकवते, लाल दिवा. मागं रांग. आई म्हणते, “लेकरा, कंडक्टरला दोन द्या म्हणलं की देतोय की रे, इथं काय झालं?” इथं एका कार्डावर एकच माणूस. पॅरिसच्या कार्डाचंही तसंच. प्रत्येकाला वेगळं कार्ड, हा नियम घरातूनच पाठ करून निघा.

दुसरी भानगड फोनची. जाताना फोन टेकवला, उतरताना तेच बँकेचं कार्ड पाकिटातून काढून टेकवलं, तर मशीन त्यांना दोन वेगवेगळे प्रवासी समजतं. दोन्हीकडं अर्धवट प्रवास दिसतो आणि दोन्हीकडं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. जे टेकवून आत गेलात तेच टेकवून बाहेर या. चुकून राहिलंच तर ॲपमध्ये किंवा स्टेशनवर सांगून दुरुस्ती करता येते. बसला मात्र लंडनमध्ये चढतानाच एकदा टेकवायचं, उतरताना नाही. सिंगापूरला बसमध्येही उतरताना टेकवावं लागतं, नाहीतर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं पडतं.

आणि कार्डच चालत नसेल तर? बहुतेक वेळा दोष कार्डाचा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळं ऑक्टोबर २०२० पासून आपली नवी कार्डं फक्त भारतातच चालतात. परदेशातला वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये आपणच सुरू करावी लागते. हे निघायच्या आधी करा, कारण तिथं पोचल्यावर बँकेचा ओटीपी इथल्या सिमवर येतो आणि रोमिंग बंद असतं. लंडनच्या गेटला व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस चालतं. पेन्शनच्या खात्याला जोडलेलं नुसतं रुपे कार्ड घेऊन जाल तर तिथं अडाल.

काठी, वॉकर किंवा चाकाची खुर्ची असेल तर अरुंद गेटात शिरूच नका. कडेला एक रुंद गेट असतं, ते हळू बंद होतं आणि जवळच माणूस उभा असतो.

विमानतळावरची व्हीलचेअर दारापर्यंतच

आपल्याकडं आई-वडिलांना विमानात व्हीलचेअर सांगतात ती कधीकधी गुडघ्यापेक्षा इंग्रजीच्या भीतीनं. सांगावीच, त्यात लाज कसली. पण ती सेवा विमानतळाच्या दारात संपते, आणि पुढच्या रेल्वेला मदत वेगळी मागावी लागते. ब्रिटनमध्ये ‘पॅसेंजर असिस्ट’ला दोन तास आधी सांगितलं की रॅम्प घेऊन माणूस येतो, पैसे लागत नाहीत. जर्मन रेल्वेत आदल्या दिवशी रात्री ८ पर्यंत नोंद करावी लागते. विमानतळावरून गावात येण्याचं भाडं शहराच्या पासात असेलच असं नाही. लंडनच्या मधल्या दोन झोनच्या पासात हीथ्रो येत नाही, आणि पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाचं रेल्वे तिकीट वेगळंच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी लिफ्ट चालू आहे का ते बघा. लंडनच्या ‘टीएफएल गो’ ॲपमध्ये बंद लिफ्ट दिसते आणि पायऱ्या टाळणारा रस्ताही निवडता येतो. जर्मनीतल्या लिफ्टसाठी ‘ब्रोकनलिफ्ट्स’ नावाची साइट आहे.

जर्मनीचा पास परभणीपर्यंत मागं येतो

जर्मनीचा हा महिन्याचा पास म्हणजे डॉइचलांड-टिकेट. ते मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ आणि २०२६ ला ६३ युरो झालं. सगळ्या देशातल्या शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल रेल्वेला चालतं, पाहुण्यालाही मिळतं. दोन गोष्टी सांभाळायच्या. आयसीई, आयसी या जलद गाड्यांना ते चालत नाही. त्यांच्याशिवाय म्युनिक ते बर्लिन म्हणजे तीन-चारदा गाडी बदलणं, आणि गाडी बदलणं म्हणजे फलाट बदलणं, म्हणजे पुन्हा जिना आणि लिफ्ट. लांब जायचं असेल तर थेट गाडीचं तिकीट वेगळं काढा, तिथं पैसे वाचवू नका. दुसरं असं, की हा पास नसून दर महिन्याची वर्गणी आहे. माणूस परत येऊन परभणीत ज्वारीची भाकरी खात असतो आणि तिकडं खात्यातून ६३ युरो कटत राहतात. ज्या महिन्यात परत निघायचं त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत ते ॲपमधून रद्द करा. १० तारीख हुकली की पुढचा महिना लागू होतो.