बातमीपत्र वाचताना: कागद, माईक आणि आपल्याकडचा ‘ळ’

दहा मिनिटांच्या रेडिओ बातमीपत्रात साधारण १००० ते ११०० शब्द बसतात. तरी घड्याळ लावून एक पान मोठ्याने वाचा, मिनिटाला आपले किती शब्द होतात ते मोजा आणि संहिता त्याच हिशेबाने बांधा.

एका कागदावर एकच बातमी घ्या, मागची बाजू कोरी ठेवा. ऐनवेळी बातमी काढता-घालता येते. स्टेपल नको. वाचून झालेला कागद उचलू नका, अलगद बाजूला सरकवा. उचलला की माईक खडखड पकडतो.

आकडे अक्षरांत लिहा. ४५.६ दिसलं की जीभ अडखळते, ‘पंचेचाळीस पूर्णांक सहा दशांश’ सरळ वाचलं जातं. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांचे कोटी वाचताना तर हे हवंच.

सगळ्यात जास्त वेळ विरामांना द्या. हे वाक्य बघा: ‘वाघाच्या हल्ल्यात जखमी शेतकऱ्याचा मृत्यू’. ‘हल्ल्यात’नंतर थांबलात, तर आधीच जखमी असलेल्या माणसावर वाघ धावून गेला असं ऐकू येतं. तिरपी रेघ ‘जखमी’नंतर मारा. श्रोत्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, म्हणून ही रेघ पेन्सिलीने कागदावरच हवी.

आपल्याकडे विदर्भात बोलताना ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. घरी ती आपली गोड बोली आहे, ती जपाच. बातमीपत्रात मात्र ळ आणि ण स्वच्छ हवेत. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे आहेत, दुसऱ्याखाली टिंब द्या. एटापल्ली, सिरोंचा, तोतलाडोह ही नावं आधी पाच वेळा मोठ्याने म्हणा.

माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरपा ठेवा. अगदी समोर असला तर प, फ, भ यांचा फटका बसतो. मे महिन्याच्या उन्हातून आलात तर एसी स्टुडिओत पंधरा मिनिटं आधी बसा आणि साधं पाणी प्या, थंड नको.

टीव्हीवर प्रॉम्प्टर (समोर संहिता दाखवणारा पडदा) असला तरी छापील संहिता हातात ठेवा. प्रॉम्प्टर मध्येच अडकतो.

वेळ शेवटाकडून मोजा. शेवटच्या ठळक बातम्यांना ३० सेकंद लागत असतील, तर साडेनऊ मिनिटांना त्या सुरू व्हायलाच हव्यात. वेळ उरलाच तर वीस-वीस सेकंदांच्या दोन बातम्या जवळ असू द्या.

चुकलात तर ‘क्षमस्व’ म्हणून तेवढाच शब्द सुधारा, अख्खं वाक्य नको. आणि माईक चालू असल्याचा लाल दिवा विझेपर्यंत खुर्ची सरकवू नका, कागदही गोळा करू नका.