निवृत्तीनंतर विशेष (दिव्यांग) लेकरांसोबत काम : सुरुवात कशी करावी

पेन्शन सुरू झालीय, गुडघे अजून साथ देतात आणि सकाळ मोकळी असते, एवढं भांडवल पुरे. आधी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या केंद्रात जा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले विशेष शिक्षक तिथे भेटतात. कोणतं लेकरू शाळेत येतं, कोणतं घरीच असतं, हे त्यांना ठाऊक असतं. 'काय सांगाल ते करतो' असं मोघम बोलू नका. 'मंगळवार-शुक्रवार, दहा ते बारा' असं सांगा आणि पाळा. ठरल्या वेळी माणूस आला नाही तर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचा अख्खा दिवस बिघडू शकतो.

सुरुवातीचे काही दिवस नुसतं बघा. आईला विचारा : काय आवडतं, कशानं बिथरतं, खाताना ठसका लागतो का? गालगुच्चे, खिशातली गोळी हे आपले नेहमीचे लाड इथं आवरा. 'बिचारं' तर त्याच्यासमोर म्हणूच नका. बोलता येत नसलं तरी त्याला कळत असतं.

मग एकच काम धरा. समजा, सदऱ्याचं बटण. तुम्ही ते काजातून अर्धं सरकवून द्या, शेवटचं ओढणं लेकराला करू द्या. जमलं की पुढच्या खेपेला बटण काजाच्या तोंडाशी आणून सोडा. असं मागून पुढे शिकवलं की दर वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. एकदा सांगितलं की मनात दहापर्यंत मोजा, मगच पुन्हा सांगा. आपलेच हात शिवशिवतात. तेच आवरणं सगळ्यात अवघड.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, पाणी यातलं काही करायचं नाही. हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

लेकरासोबत बंद खोलीत एकटे बसू नका. फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

आयुष्यभर कचेरीत फायली हलवलेल्यांसाठी एक वेगळं काम आहे : कागदपत्रं. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तपासणीला सरकारी दवाखान्यात न्यायचं. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) किंवा बहुविकलांगता असेल, तर 'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्याचाही अर्ज भरून द्या. बीडकडची बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि असं लेकरू अनेकदा आजीपाशी राहतं. म्हणून हे अर्ज दसऱ्याआधीच उरका. नंतर ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो आणि बाप असतो कारखान्यावर, फडात.