विजेटचा हिशेब: आले किती, गेले किती

बँकेत ३१ वर्षं खतावणी लिहिली. त्यामुळे कुणी ‘फुकट’ म्हटलं की माझी नजर आधी नावे बाजूकडे जाते. तरीही गच्चीवरच्या बागेबद्दलच्या माझ्या ब्लॉगवर ट्रॅफिक एक्स्चेंजचं, म्हणजे वाचकांच्या देवघेवीचं विजेट (पानावर बसवायची छोटी चौकट) मी लावलंच. तुम्ही आमच्या सभासदांचे लेख तुमच्याकडे दाखवा, आम्ही तुमचे त्यांच्याकडे दाखवतो, असा तो सौदा. माझा ब्लॉग ज्यावर आहे त्या गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेतला भेटींचा आलेख आठवड्याभरात सरळ उभा राहिला. मी हौसेनं बायकोला बोलावून दाखवला. तिनं चष्मा वर सारून पाहिलं आणि विचारलं, “अहो, एवढी माणसं आली, तर एकानंही काही विचारलं कसं नाही?”

कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात या लेखाखाली एरवी दोन-तीन प्रश्न हमखास येतात. त्या आठवड्यात एकही नव्हता. तेव्हा वही काढली. तुम्ही विजेट लावलं असेल किंवा लावायच्या विचारात असाल, तर हा हिशेब एकदा करा.

सुरुवात विजेट न लावता करायची. दोन आठवड्यांचे आकडे तसेच उतरवून ठेवा, मग दोन आठवडे विजेटसह. हंगाम मात्र बघा. माझ्याकडे पहिला पाऊस पडला की बियाणांचे लेख आपोआप वर जातात; मे आणि जूनची तुलना केली तर पावसाचं श्रेय विजेटला जाईल. ब्लॉगरच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबू नका, त्यांत यंत्रांच्या भेटीही शिरतात. गूगल अ‍ॅनालिटिक्स, हे भेटी मोजायचं साधन, जोडून घ्या.

विजेटला आपल्या लेखाचा पत्ता हातानं देता येत असेल तर त्याला यूटीएमची शेपटी लावा, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणारी पत्त्यापुढची खूण. गूगलचं कॅम्पेन यूआरएल बिल्डर ती फुकटात तयार करून देतं. विजेट परस्पर फीडमधून (ब्लॉगच्या नव्या लेखांच्या आपोआप बनणाऱ्या यादीतून) लेख उचलत असेल तर शेपटी लागणार नाही. मग अ‍ॅनालिटिक्सच्या ‘ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशन’ या, वाचक कुठून आले ते सांगणाऱ्या अहवालात सोर्सच्या रकान्यात विजेटवाल्याचं किंवा त्याच्या सभासदांचं डोमेन शोधा.

आता जमा बाजू. आलेले किती हा आकडा तूर्त झाकून ठेवा. थांबले किती ते बघा. अ‍ॅनालिटिक्स ज्या भेटीला ‘एंगेज्ड’ म्हणतं ती १० सेकंदांहून जास्त टिकलेली असते, किंवा तीत दोन पानं तरी उघडलेली असतात, किंवा तुम्ही महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडलेली असते. इथे एक गोम आहे. विजेटची गर्दी दुसऱ्यांची पानं बघून गुण कमवायच्या साइटवरून येत असेल, तर तिथे ठरावीक सेकंद थांबल्याशिवाय गुण पडत नाहीत. माणूस पान उघडून घड्याळ संपायची वाट बघत बसतो, आणि आपल्या वहीत तो वाचक म्हणून नोंदला जातो. म्हणून मी ‘स्क्रोल’ची नोंद धरतो. पानाचा ९० टक्के भाग खाली सरकल्यावरच ती पडते. वाट बघणारा सहसा तेवढा खाली जात नाही.

नावे बाजू कुणी लिहीतच नाही. विजेटवरून बाहेर किती गेले? अ‍ॅनालिटिक्सची ‘एन्हान्स्ड मेजरमेंट’ ही सोय चालू असेल तर बाहेरच्या दुव्यांवरचे क्लिक अ‍ॅनालिटिक्स आपोआप टिपतं. पण विजेट आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानात बसवलेल्या दुसऱ्याच्या पानाच्या चौकटीत असेल तर त्याच्या आतले क्लिक त्याला दिसत नाहीत. मग विजेटवाल्याचाच आकडा घ्यावा लागतो, म्हणजे सावकाराच्याच वहीवरून आपलं कर्ज मोजायचं.

माझी १४ दिवसांची वही अशी होती: आले ४१२, गेले १८७. वरवर २२५ चा नफा. पण आलेल्या ४१२ पैकी तळापर्यंत पोचले ६. आणि गेलेले १८७ जवळजवळ सगळे गूगलवर शोधून आलेले होते; त्यांच्यातला साधारण चौथा माणूस एरवी लेख पुरता वाचतो. म्हणजे ४६-४७ वाचणारे देऊन मी ६ घेतले. शिवाय विजेट मी लेखाच्या मधोमध लावलं होतं. शेणखत किती घालायचं हे वाचायच्या आतच समोर ‘सात दिवसांत पोट सपाट’. लेखाच्या शेवटी लावलं असतं तर नुकसान कमी झालं असतं, नाही असं नाही. पण त्या जागेवर माझाच दुसरा लेख बसू शकतो, हेही खरंच.

जाहिराती असतील तर आणखी जपा. पैसे किंवा गुण देऊन पानं बघायला लावणाऱ्या, ऑटोसर्फ (आपोआप पानं उघडत राहणाऱ्या) आणि क्लिकच्या अदलाबदलीच्या योजनांमधून आलेली गर्दी अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात-सेवेच्या, नियमांत बसत नाही. खातं बंद होऊ शकतं. लेखांची चित्रं दाखवणारं प्रत्येक विजेट त्यात मोडतं असं नाही, पण त्यामागे गर्दी कुठून येते हे विजेटवाला सांगत नसेल तर मी तिथेच थांबतो.

वेगाचं थोडक्यात: विजेटसह आणि विजेटशिवाय पान पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलच्या वेग तपासायच्या साइटवर) चालवा, मोबाइलचा आकडा बघा. एलसीपी, म्हणजे पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांच्या आत असलेला बरा.

पूर्वी मराठीब्लॉग्स.नेटचं चिन्ह आम्ही कौतुकानं ब्लॉगवर लावायचो. तिथे नव्या लेखांची यादी असे, आणि माणूस मथळा वाचून, आपल्या मर्जीनं यायचा. गुणांसाठी नाही. म्हणून आता मिरजेच्या एका गांडूळखतवाल्या ब्लॉगरशी साधा तोंडी करार आहे: तो मला दुवा देतो, मी त्याला. पहिल्या महिन्यात २३ जण आले, ९ तळापर्यंत गेले, आणि एका बाईंनी कुंडीत गांडुळं उन्हाळ्यात जगतात का म्हणून विचारलं.

विजेट काढताना ब्लॉगरच्या लेआउटमध्ये जाऊन गॅजेट (विजेटला ब्लॉगर हेच म्हणतं) हटवलं की झालं, असं मला वाटलं होतं. दोन दिवसांनी पेजस्पीडच्या यादीत तेच नाव पुन्हा दिसलं. लावताना त्यांनी एक ओळ थीमच्या एचटीएमएलमध्ये (ब्लॉगच्या मांडणीच्या कोडमध्ये), </head> या खुणेच्या वर चिकटवायला सांगितली होती, ती तशीच राहिली होती. थीमची प्रत आधी उतरवून घ्या, मग ती ओळ शोधून काढा.