ऑटो लावा, पण ताटं विसळू नका

डिशवॉशर दुरुस्तीसाठी मी पुण्यात घरोघरी जातो. हमखास येणारा फोन असा: “दादा, लावलं तेव्हा वेळ कमी दाखवत होतं, मध्येच वाढला. बिघडलं का?” नाही काकू, मशीननं पाणी बघितलं आणि बेत बदलला. ऑटो प्रोग्रॅमचं कामच ते.

बहुतेक ऑटो मशीनमध्ये तळाला, फिल्टरजवळ पाणी फिरतं त्या वाटेवर टर्बिडिटी सेन्सर, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणारा भाग असतो. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर प्रकाश मोजणारा भाग आणि मधून भांड्यांवरून आलेलं पाणी. पाण्यात कण जास्त तितका पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. स्वच्छ पाण्यातून किती प्रकाश येतो याची नोंद मशीनकडे असते, तिच्याशी ते ताडून बघतं. पाणी फार गढूळ नसेल तर तेच पुढे वापरतं. गढूळ असेल तर सोडून देऊन नवं घेतं, जास्त तापवतं, जास्त वेळ धुतं. बऱ्याच मशीनमध्ये ऑटोचं तापमान 45 ते 65 अंशांच्या दरम्यान ठरतं.

म्हणजे सेन्सर बघतो ते पाणी, भांडं नव्हे. हे पटवायला मी दोन काचेचे ग्लास मागतो, एकात कोरा चहा, दुसऱ्यात भाताची पेज. मागे वर्तमानपत्र धरा. चहा गडद असूनही त्यातून अक्षरं वाचता येतात, पांढुरक्या पेजेतून नाही. सेन्सरला पेज मळकी वाटते, चहा जवळजवळ स्वच्छ. कपातले चहाचे डाग किंवा ताटावरची हळदीची पिवळी झाक त्याच्या हिशेबात फारशी येतच नाही.

म्हणून ताटं नळाखाली विसळून लावू नका. खरकटं चमच्यानं काढा, बस्स. वरणाचा, आमटीचा ओघळ तसाच राहू द्या, त्यावरूनच मशीनला अंदाज येतो. विसळलेल्या ताटांसोबत एक करपलेलं पातेलं ठेवलंत तर फार वाईट होतं: पाणी नितळ येतं, मशीन हलकं धुतं आणि करप तशीच राहते. चिकटून बसलेलं पाण्यात उतरलंच नाही, तर ते कळणार कसं? करपलेलं, रात्रभर वाळलेलं असेल तर आधी भिजवा आणि ऑटोऐवजी इंटेन्सिव्ह, म्हणजे जोरदार धुण्याचा प्रोग्रॅम लावा. हा निर्णय तुम्हीच घ्यायचा, तो मशीनवर सोडू नका.

सिंकवरचं भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये थेंबभरही नको. फेसाच्या बुडबुड्यांनी प्रकाश विखुरतो आणि सेन्सर फसतो.

बोअरचं पाणी असेल तर जास्त सांभाळा. क्षारांचा थर सेन्सरच्या पारदर्शक भागावर बसला की स्वच्छ पाणीही गढूळ वाटू लागतं. तुमच्या पाण्याच्या जडपणानुसार मशीनचं सेटिंग करून घ्या आणि डिशवॉशरचं मीठच भरा, जेवणातलं नको. फिल्टर आठवड्याला काढून धुवा. अधूनमधून डिशवॉशर क्लीनर घालून, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा.

एवढं करूनही चार कप-बशांना दर वेळी ऑटोचा सगळ्यात लांब वेळ लागत असेल, तर मेकॅनिकला बोलवा आणि नेमकं हेच सांगा. मग तो पंप खोलत बसण्याआधी सेन्सर तपासेल.