चॅनलची करेक्शन्स आणि तुमची विज्ञानकथा

नाशिकच्या गंगापूर रोडवर दहा-बारा जणांचा स्टुडिओ थाटून मुंबईच्या चॅनलसाठी विज्ञानकथेची ॲनिमेशन मालिका करायची, तर चॅनल ढवळाढवळ करणार हे धरूनच चाला. पैसा त्यांचा आहे, ते बोलणारच. ते काय बोलतात यापेक्षा कधी बोलतात, यावर मालिका तरते किंवा बुडते.

हिशेब असा: 22 मिनिटांचा भाग, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 33,000 फ्रेम. ‘यानात गुरुत्वाकर्षण नाही’ हा नियम पटकथेत बदलला तर चार ओळी खोडाव्या लागतात. कंपोझिट (सगळे थर जोडून तयार झालेलं चित्र) झाल्यावर बदलला तर केस, कपडे, तरंगणारं पाणी, सगळं पहिल्यापासून. शिवाय विज्ञानकथेतला नियम एका भागापुरता नसतो. दुसऱ्या भागात ढिला केलेला नियम नवव्या भागाचा शेवट मोडतो.

म्हणून बायबलच्या, म्हणजे मालिकेचं जग, पात्रं आणि नियम लिहिलेल्या दस्तऐवजाच्या, पहिल्याच पानावर न बदलणारे चार-पाच नियम लिहा. समजा, गोष्ट 2140 सालच्या गोदावरीची आहे आणि पाणीवाटप एक यंत्र करतं. नियम: हे यंत्र खोटं बोलू शकत नाही. त्यापुढे लिहा: भाग 3, 6, 9 यावर उभे आहेत. ‘यंत्राने खलनायकाला गंडवू द्या’ अशी सूचना आली की हे पान पुढे ठेवा. तीन भाग नव्याने लिहावे लागतील हे डोळ्यांना दिसतं, वाद घालावा लागत नाही. नावं, रंग, विनोद, सोबतीचा प्राणी यांत मात्र लगेच होकार द्या.

नंतर लॉक, म्हणजे मंजुरीनंतर न बदलायचे टप्पे. बायबल, पटकथा, डिझाइन, ॲनिमॅटिक (कच्च्या चित्रांची वेळेनुसार लावलेली फिल्म) आणि पूर्ण चित्र असे पाच. प्रत्येक लॉकआधी करेक्शनच्या दोनच फेऱ्या, त्याही लेखी, चॅनलच्या एकाच माणसाकडून एकत्र आलेल्या. पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरायचं. लॉक उघडायचा तर सेकंदामागे दर, करारातच ठरलेला. फोनवर सांगितलेली सूचना त्याच संध्याकाळी मेलवर उतरवून पाठवा, नाहीतर पंधरा दिवसांनी दुसरा अधिकारी नेमकं उलटं सांगतो आणि दोन्ही वेळचं काम तुमच्या अंगावर पडतं.

हप्तेही लॉकलाच बांधा: करारावर 20 टक्के, पटकथेला 15, ॲनिमॅटिकला 25, ॲनिमेशनला 25, डिलिव्हरीला 15. निम्मी रक्कम शेवटी अडकली की रात्री अकराला आलेलं करेक्शनही निमूट करावं लागतं.

डिझाइनच्या लॉकला आम्ही सगळ्यात जास्त जपतो. 1994 साली सुरू झालेल्या ‘रीबूट’ या संगणकीय मालिकेत अमेरिकेच्या एबीसी वाहिनीच्या सेन्सॉर विभागाने नायिकेच्या शरीराचा आकारसुद्धा बदलायला लावला होता. असा बदल कागदावर एका दुपारचा असतो, रिग (पात्र हलवण्याचा डिजिटल सांगाडा) झाल्यावर प्रत्येक शॉटचा. त्यामुळे पात्रांची रेखाटनं चॅनलच्या सेन्सॉरवाल्यांना रिगच्या आधी दाखवा. सूचना कायद्याची की आवडीची, हेही तिथेच विचारून घ्या. मुलांच्या कार्यक्रमात अपशब्द आणि हिंसेची उघड दृश्यं नकोत, हे भारताच्या 1994 च्या केबल टेलिव्हिजन नियमांतच आहे. ते ऐकायचंच. बाकीचं बोलून सुटतं.

बऱ्याचदा सूचना चुकीची असते, पण तिच्यामागची तक्रार खरी असते. ‘अंतराळातल्या स्फोटाला आवाज द्या’ म्हणतात, तेव्हा त्यांना भीती असते की शांतता ऐकून प्रेक्षकाला टीव्ही बिघडल्यासारखं वाटेल. निर्वात पोकळीत आवाज जात नाही, यानाच्या धातूतून मात्र जातो. आवाज हेल्मेटच्या आतला ठेवा: आधी श्वास, मग बुटांतून चढलेला घुमा ठोका, मग पुन्हा श्वास. विज्ञान शाबूत राहतं आणि चित्राची एक फ्रेमही हलत नाही.

क्रमाची काळजी वेगळी घ्यावी लागते. ‘फ्युचरामा’ या अमेरिकन विज्ञानकथा ॲनिमेशन मालिकेचे 72 भाग चार हंगाम म्हणून तयार झाले होते. फॉक्स वाहिनीने ते रविवारच्या फुटबॉलमधून जागा काढत, भाग मागे ठेवत, पाच हंगामांत 2003 पर्यंत दाखवले. क्रम करारात परिशिष्ट म्हणून जोडा, आणि तरीही पहिले तीन भाग कोणत्याही क्रमाने लागले तरी कळतील असे लिहा.

राहिला हक्क. पैसे देणाऱ्यांशी खटके उडणं नाशिकला नवं नाही. 1918 मध्ये इथेच हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि भागीदारांशी न पटल्याने दादासाहेब फाळके ती सोडून काशीला गेले. तुमचा करार गप्प असेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन चित्रपट करवून घेणाराच त्याचा पहिला मालक ठरतो. म्हणून पात्रं आणि बायबल तुमच्याकडे, चॅनलकडे ठरावीक वर्षांचे प्रसारणहक्क, असं लिहून घ्या. कलम 19 प्रमाणे, दिलेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत येतो, पण ‘करारात वेगळं नसेल तर’. चॅनलच्या छापील मसुद्यात ते ‘वेगळं’ हमखास असतं. ते कलम शोधा, खोडा आणि त्या जागी मुदत आकड्यात लिहा.